एकच लिपी, निरनिराळे गळे

१९९१ साली इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनविणाऱ्यांच्या अमेरिकेतील व जपानमधील संघटनांनी मिळून 'जनरल मिडी' नावाचे एक मानक ठरविले. त्यात १२८ नादांची क्रमवार यादी आहे. पहिल्या क्रमांकावर पियानो, ४१ व्या क्रमांकावर व्हायोलिन आणि १०५ व्या क्रमांकावर आपली सतार. शेवटच्या आठांत पक्ष्याची किलबिल, टेलिफोनची घंटा, हेलिकॉप्टर आणि बंदुकीचा बार यांचीही सोय केलेली आहे. ११२ व्या क्रमांकावर जे वाद्य आहे त्याचे रोमन अक्षरांतले नाव 'शनाई' असे वाचावे लागते. हिंदीतली शहनाई आणि मराठीतली सनई यांच्या मधोमध कोठेतरी हे नाव थांबले आहे, आणि त्यातल्या त्यात ते आपल्या बाजूला अधिक झुकलेले आहे, याचे आम्हांस थोडे समाधान वाटले.

शासकीय सेवेत परिपत्रके वाचण्यात आणि काढण्यात आमची बरीच वर्षे गेली, त्यामुळे या यादीकडे आमची दृष्टी प्रथम त्याच अंगाने वळली. परिपत्रकाने पद मंजूर होते. त्या पदावर कोण येऊन बसेल आणि काम कसे करील, हे परिपत्रक सांगत नाही. जनरल मिडीचेही तसेच आहे. १०५ वर सतार वाजावी एवढेच ते सांगते. ती कशी वाजावी, किती मोठ्याने वाजावी, हे प्रत्येक निर्मात्यावर सोपविलेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही मोकळी सोडलेली जागा होय.

साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत संगणकाच्या सुट्या भागांची चर्चा कशासाठी, अशी शंका काही वाचकांना येईल. आम्हा बडोदेकरांना मात्र यातला मूळ प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा येथे १८८६ साली निघाली, चिजांची लिपिबद्ध पुस्तके निघाली. पुढे १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही येथेच भरली. लिपीत चीज उतरते, गायकी उतरत नाही, हा वाद तेव्हापासून आपल्या घराघरांत चालत आला आहे. मिडीची फाइल ही अशीच एक स्वरलिपी. तिच्यात नाद मुळीच नसतो. कोणता स्वर, कोणत्या क्षणी, किती जोराने आणि किती वेळ, एवढीच तिच्यात नोंद असते. गळा साउंड कार्डाचा. म्हणून एकच फाइल चार कार्डांवर ऐकणे म्हणजे एकच चीज चार गायकांकडून ऐकणे, आणि अशा ऐकण्यातून निर्माण होणारी मतभिन्नता ही समीक्षेच्या कक्षेतलीच गोष्ट आहे.

आमच्या चिरंजीवांच्या जुन्या संगणकातले ए.डब्ल्यू.ई.-३२ हे कार्ड अद्याप चालू स्थितीत आहे. बाकीची कार्डे हौशी मंडळींनी प्रत्यक्ष यंत्रांवरून केलेल्या ध्वनिमुद्रणांतून आम्ही ऐकली. मर्यादा स्पष्ट केलेली बरी.

या कार्डांच्या आधीची पिढी निराळी होती. १९८७ साली कॅनडातील ॲडलिब कंपनीने यामाहाची चिप वापरून काढलेले कार्ड एका वेळी नऊ स्वर वाजवी. त्यामागची पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चौनिंग यांनी शोधलेली: एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून नाद घडवायचा. या पद्धतीत कोणत्याही खऱ्या वाद्याचा अंश नसतो. बासरी काय, व्हायोलिन काय, सारे एकाच धातूच्या पत्र्यातून कापून काढल्यासारखे लागते. तरी त्या नादाला स्वतःचा स्वभाव होता, आणि तो कोणाची नक्कल असल्याचा आव फारसा आणीत नसे.

त्यानंतर 'वेव्हटेबल' म्हणून जी कार्डे विकली गेली, त्यांनी हा आव आणला. हे नावही खरे पाहता चुकीचे आहे. वेव्हटेबल ही मुळात जर्मनीतील वोल्फगांग पाल्म यांच्या वाद्यांतील एक निराळी पद्धत. या कार्डांत जे घडते ते साधे आहे. खऱ्या वाद्याच्या स्वराचा ध्वनिमुद्रित नमुना स्मृतीत साठवायचा आणि तो हव्या त्या वेगाने वाजवून निरनिराळे स्वर काढायचे. अडचण जागेची. सेकंदाला ४४,१०० नोंदी आणि प्रत्येक नोंदीस दोन बाइट धरले, तर एका मेगाबाइटमध्ये जेमतेम १२ सेकंदांचा नाद मावतो. ए.डब्ल्यू.ई.-३२ च्या कायम स्मृतीत एवढाच एक मेगाबाइट होता. १२८ नाद आणि शिवाय तालवाद्ये, एवढा सारा संसार त्या बारा सेकंदांत थाटायचा! तेव्हा स्वराचा आरंभीचा आघात तेवढा खरा ठेवीत आणि पुढचा एक बारीक तुकडा गोल गोल फिरवून स्वर लांबवीत. या कार्डांतले बहुतेक गुणदोष या एका काटकसरीतून आलेले आहेत.

या सर्वांत आमच्या मते पहिला मान रोलंडच्या 'साउंड कॅनव्हास' एस.सी.-५५ चा. १९९१ सालची ही पेटी, आणि तिचेच संगणकात बसणारे रूप एस.सी.सी.-१. एका वेळी २४ स्वर, १६ भाग. तिच्यातला एखादा नाद सुटा काढून ऐकला तर फार मोठा वाटत नाही. पियानो काहीसा काचेचा आहे, तंतुवाद्यांचा समूह गुळगुळीत. पण सगळे एकत्र वाजू लागले की कोणी कोणाला दडपीत नाही. ताल पुढे, खर्ज त्याला लागून, सुरावट मोकळी. पंगतीत वाढणारा जाणता असावा तसे हे आहे. प्रत्येकाच्या पानावर प्रमाणात. मानकाने नादांची परस्पर पातळी ठरविलेली नव्हती, ती व्यवहारात एस.सी.-५५ ने ठरविली. खेळांचे संगीत रचणारे याच पेटीवर रचीत, इतर निर्माते आपले नाद तिच्याशी ताडून पाहत. १९९३ सालच्या 'डूम' या खेळाचे बॉबी प्रिन्स यांचे संगीत ज्यांनी या पेटीवर ऐकले, त्यांना त्यातील गिटार बनावट आहे हे कळते आणि तरीही ती तशीच हवी असते.

कॅनडातीलच ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड (१९९२) हे अगदी उलट्या प्रकृतीचे कार्ड. त्याच्यात कायमचे नमुने नव्हतेच. २५६ किलोबाइटची, वाढविता येणारी स्मृती. लागतील ते नमुने डिस्कवरून तिच्यात आणून बसवायचे. १४ स्वरांपर्यंत नाद पूर्ण दर्जाचा, आणि ३२ स्वर मागितले तर नोंदींचा वेग ४४,१०० वरून सुमारे १९,२०० वर उतरे, म्हणजे तार भाग मंद होई. जनरल मिडीच्या फाइलींवर त्याची ओढाताण होते, स्मृती अपुरी पडून काही वाद्ये आखडती घ्यावी लागतात. मात्र जे रचनाकार आपले नमुने रचनेबरोबरच देत, त्यांच्या हातात हे कार्ड खुलले. फिनलंडमधील तरुणांनी १९९३ साली केलेली 'सेकंड रिॲलिटी' ही चित्रनाद-रचना याच कार्डावर ऐकावी. तेथे लिपी आणि गळा दोन्ही रचनाकाराच्याच ताब्यात असतात. लिपीवादाचा हा एक उलगडा झाला खरा, पण तो करताना वाचकाचे स्वातंत्र्य संपले.

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या ए.डब्ल्यू.ई.-३२ चे (१९९४) मूळचे नाद आम्हांस कृश वाटतात. पितळी वाद्ये दुरून आल्यासारखी, पियानोचा मध्यभाग पोकळ. त्याचे मोल दुसऱ्या एका सोयीत आहे. त्याची ५१२ किलोबाइटची स्वतंत्र स्मृती २८ मेगाबाइटपर्यंत वाढविता येई आणि 'साउंडफॉन्ट' म्हणून नमुन्यांचे संच तिच्यात भरता येत. कंपनीची सतार नको असेल तर आपली सतार बसविण्याची मुभा होती.

यामाहाचे डी.बी.-५० एक्स.जी. (१९९५) हे दुसऱ्या कार्डाच्या पाठीवर बसणारे जोडकार्ड. चार मेगाबाइट नमुने, ६७६ नाद, वर प्रतिध्वनी आदी संस्कारांची रेलचेल. पहिल्या श्रवणात ते सर्वांत श्रीमंत लागते. तिसऱ्या श्रवणात ती श्रीमंती लग्नातल्या रोषणाईसारखी डोळ्यांवर येते, आणि साधी फाइलही ते थोडी नटवूनच वाजविते.

आता १०५ आणि ११२ कडे वळू. सतारीचा प्राण तिच्या जवारीत. सपाट घोडीवर तार घासत कंप पावते, म्हणून एकाच आघातानंतर नादाचा रंग क्षणोक्षणी पालटतो; शिवाय खाली तरफा आपोआप बोलतात. नमुन्याचा बारीक तुकडा गोल फिरविला की हा पालट गोठतो. आघात सतारीचा आणि आस कोणाचीच नाही, अशी स्थिती होते. एस.सी.-५५ ची सतार झणझणीत असून लवकर विझते, डी.बी.-५० एक्स.जी. ती प्रतिध्वनीत बुडवून लांबविते, ए.डब्ल्यू.ई.-३२ ची ऐकून आम्हांस टिनच्या डब्यावर ताणलेली तार आठवली. मींडेची अडचण त्याहून खोल आहे. स्वर वाकविण्यासाठी मिडीत १६,३८४ पायऱ्यांची सूक्ष्मता आहे, हे श्रुतींच्या अभिमान्यांनीही मान्य करावे. पण मुळात तो दोन्ही बाजूंना दोन अर्धस्वरच वाकतो. मर्यादा आज्ञा देऊन वाढविता येते. तरी वाकते ते संपूर्ण वाहिनीभर, म्हणजे बाजाच्या तारेवर मींड घेतली की चिकारीही तिच्याबरोबर वर सरकते! चिकारीला निराळी वाहिनी द्यावी तेव्हा ती जागची हलत नाही. १६ वाहिन्यांपैकी एकट्या सतारीसाठी दोन खर्ची पडल्या, तर फाइलकर्ता का कष्ट घेईल?

सनईची दशा अधिक वाईट. तिचा स्वर श्वासावर आणि अर्धवट झाकलेल्या छिद्रांवर चालतो. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसत नाही. कार्ड प्रत्येक स्वर नव्याने फुंकते. त्यामुळे चौघड्याबरोबरच्या सनईऐवजी कोणी एकेक स्वर तपासून पाहत आहे असे वाटते. आणि चौघडा तर नाहीच. तालवाद्यांच्या ४७ जागांत बोंगो, कोंगा, माराकास आहेत, सांबाची शिट्टीसुद्धा आहे. तबला, मृदंग, ढोलकी नाहीत. सतार-सनई ज्या गटात आहेत त्यात जपानी कोतो व शामिसेन, आफ्रिकी कालिंबा, स्कॉटिश बॅगपाइप आणि 'फिडल' अशी मंडळी एकत्र कोंबलेली आहेत. फिडल म्हणजे व्हायोलिनच. एकाच व्यक्तीची दोन पदांवर नेमणूक आम्ही आमच्या सेवाकाळात पाहिली होती. येथेही ती पाहावयास मिळाली.

यात बाजी मारली ती पेटीने. २१ व्या क्रमांकावरील 'रीड ऑर्गन' आमच्या कानाला सर्व कार्डांवर बऱ्यापैकी लागतो, कारण पेटीला मुळातच मींड नाही आणि तिचा स्थिर स्वर गोल फिरविल्याने फारसा बिघडत नाही. ज्या दोषासाठी १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षे टिकली, तोच दोष येथे तिच्या उपयोगी आला.

आज या जुन्या फाइली बहुधा संगणकातील प्रोग्रामच वाजवितात, आणि पुष्कळ जण हौसेने त्यांना खऱ्या वाद्यवृंदाचे शेकडो मेगाबाइटचे नमुने जोडतात. हे सुधारलेले श्रवण आम्हांस मान्य नाही. प्रिन्स यांनी गिटारीचे जे जोर लिहिले ते एस.सी.-५५ च्या गिटारीला किती जोर सोसतो हे कानाने अजमावून लिहिले असणार. त्या जागी खरीखुरी गिटार आणली की तीच नोंद ओरडू लागते, खर्ज बुडतो आणि ढोल मागे पडतो. उलट, ज्या मुलांनी त्या काळी 'डूम' ॲडलिबच्या वंशातल्या स्वस्त कार्डावर ऐकले, ती आज चाळिशीपुढची माणसे तोच पत्र्याचा नाद अस्सल मानतात. चिरंजीव त्यांपैकी एक. ए.डब्ल्यू.ई.-३२ त्यांनी नंतर घेतले आणि काही दिवस पुन्हा जुन्याच नादाकडे वळले होते. त्यांच्याशी आमचा हा वाद मिटलेला नाही. पुढच्या सुट्टीत ते एस.सी.-५५ कोणाकडून तरी मागून आणणार आहेत.