दहा मिनिटांची मेणबत्ती

खासगी शिकवणी वर्गांत शिक्षक नेमताना उमेदवाराकडून दहा मिनिटांचा नमुना पाठ घेण्याची पद्धत आता रुळली आहे. बोलण्यात त्याला नुसते ‘डेमो’ म्हणतात. अशाच एका निवडीला परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांला आला. आमचे काम संशोधनाचे. आठवी ते दहावीच्या विज्ञानासाठी बाहेरचा एखादा जाणकार हवा म्हणून बोलावणे होते. उमेदवार सात होते, समोर वर्गातलेच पाच विद्यार्थी बसवले होते आणि आमच्या हाती गुणांचा छापील तक्ता होता. संध्याकाळी घरी परतलो ते अस्वस्थ होऊनच.

सातांपैकी तिघांनी एकच प्रयोग निवडला होता. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथा घातलेला काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. मग फळ्यावर निष्कर्ष लिहायचा : जळताना ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन सुमारे एकपंचमांश आहे. प्रयोग देखणा, साहित्य घरातले, वेळ दोन मिनिटे. नमुना पाठासाठी याहून सोयीचे काय असणार?

अडचण एवढीच, की हा निष्कर्ष चुकीचा आहे.

बंद पेल्यातला सगळा ऑक्सिजन मेणबत्ती वापरू शकत नाही. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांपर्यंत उतरले, की ज्योत मालवते. शिवाय मेण जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेणातला एक नमुनेदार हायड्रोकार्बन घ्या : त्याच्या एका रेणूत २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजन अणू असतात. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू बाहेर पडतात. म्हणजे गेलेल्या वायूच्या जागी सुमारे दोनतृतीयांश नवा वायू येतो. अर्ध्या मिनिटात त्यातला फारच थोडा पाण्यात विरघळतो. पाण्याची वाफ थंड होऊन पाणी झाली असे धरले, तरी हवेचे आकारमान जेमतेम दोन टक्के घटायला हवे.

मग पाणी एवढे का चढते? पेला ज्योतीवर येतो तेव्हा आतली हवा तापून प्रसरण पावलेली असते. काही हवा कडेने बुडबुड्यांच्या रूपाने निसटतेही. ज्योत विझली, की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. हवा सरासरी ९० अंश सेल्सियसवरून ३० अंशांवर आली, तर तिचे आकारमान सुमारे एकषष्ठांशाने घटते. हा आकडा एकपंचमांशाच्या जवळ पडतो, आणि या योगायोगानेच एक चुकीचा धडा पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहे.

पहिल्या दोन उमेदवारांनी हा धडा झोकात सादर केला. तिसऱ्यांदा तोच प्रयोग पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, “बाई, ऑक्सिजन ज्योत जळताना संपतो ना? मग पाणी विझल्यावर एकदम का चढलं?” उमेदवार बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “तू नीट पाहिलंस. मी सांगितलं त्यात काहीतरी चुकतंय. पेला तोच ठेवून तीन मेणबत्त्या लावून बघू या.” पाणी आधीपेक्षा बरेच वर चढले. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! पाचही मुले पुढे सरसावली, आणि तेवढ्यात घंटा वाजली.

बाईंची निवड झाली नाही. तक्त्यात आवाज, फळ्यावरील लेखन, आत्मविश्वास, वेळेचे नियोजन आणि समारोप असे पाच रकाने होते. समारोप झालाच नव्हता. त्या रकान्यात दहापैकी तीन गुण आम्हीच, आमच्या हाताने लिहिले. सांगितलेले खरे आहे का, विद्यार्थ्याच्या प्रश्नाने पाठ पुढे सरकला का, यांसाठी रकानाच नव्हता; आणि तो नाही हे आम्हीही त्या वेळी बोललो नाही.

आमची तक्रार दहा मिनिटांबद्दल नाही. दहा मिनिटांत पुष्कळ कळते, मात्र काय पाहायचे ते ठरलेले हवे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात; ते तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात. हे तीन सेकंद नमुना पाठातही मोजता येतात. आपल्या तक्त्यात मात्र तेच ‘अडखळणे’ ठरते.

नमुना पाठाची तयारी करणाऱ्यांना आमचे सांगणे थोडे आहे. विषय लहान घ्या. ‘हवा’ नको, हवेबद्दलचा एक प्रश्न घ्या. प्रयोग घरी पाच वेळा करा आणि पाचही वेळा पुस्तक मिटून पाहा. काय होईल, याचा अंदाज मुलांकडून आधी घ्या. ऑक्सिजनचे प्रमाणच दाखवायचे असेल, तर परीक्षानळीच्या तळाशी व्हिनेगरने धुतलेला ओला लोहकीस घट्ट बसवा आणि नळी चंचुपात्रातल्या पाण्यात पालथी ठेवा. गंजताना वायू तयार होत नाही, हवाही तापत नाही; काही दिवसांत पाणी सुमारे एकपंचमांश चढून थांबते. असा संच आधीच लावून सोबत न्यावा आणि मेणबत्तीशेजारी ठेवावा. दोन्हींत फरक काय, हा प्रश्न दहा मिनिटांना पुरून उरेल.

आणि परीक्षकांना, म्हणजे आम्हांलाही, एकच सांगणे : तक्त्यात सहावा रकाना आखा. छापील नसेल, तर पेनाने आखा. आम्ही तो त्या दिवशी आखला असता, तर त्या पाच मुलांना एक चांगली शिक्षिका मिळाली असती.