टेसिफोनपूर्वीची विमानटेहळणी व तिचा पुरावा

मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा सरकारी इतिहास मोबर्ली यांनीं चार खंडांत लिहिला असून तो १९२३ ते १९२७ या वर्षांत प्रसिद्ध झाला. त्यांतील टेसिफोनच्या लढाईचा भाग महाराष्ट्रीयांनीं विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. कारण बगदादच्या रोखानें निघालेली जनरल टाउन्सेंड याची फौज ही ‘पुणें डिव्हिजन’ होती, व तींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या.

ता. २१ नोव्हेंबर १९१५ रोजीं, म्हणजे लढाईच्या आदल्या दिवशीं, मेजर रायली हा वैमानिक टेहळणीस गेला. तुर्कांस नवी कुमक येऊन पोहोंचल्याचीं चिन्हें त्यास दिसलीं. परंतु जमिनीवरून झालेल्या माऱ्यानें त्याचें विमान निकामी झालें, व तो आपल्या नकाशासह शत्रूच्या हातीं सांपडला. त्याच दिवशीं टेहळणी करून परतलेल्या दुसऱ्या वैमानिकानें मात्र शत्रूच्या स्थितींत फरक दिसत नसल्याचें कळविलें.

रायली परतता तर लढाईच टळती, असें म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें हें विधान पुराव्याच्या पुढें जातें. रायलीचा वृत्तांत हातीं येता तरी सेनापतीपुढें परस्परविरुद्ध असे दोन वृत्तांत असते. आणि बगदादवर चाल करण्यास वरिष्ठ सरकारची संमति ऑक्टोबरांतच मिळून चुकली होती. सबब एका विमानावर सर्व दोष लोटणें न्याय्य नव्हे.

विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. एवढी मोलाची बातमी एका विमानावर व एकाच इंजिनावर कां विसंबून होती? याचा इशारा चार महिन्यांपूर्वींच मिळाला होता. ३० जुलै १९१५ रोजीं नासिरियेहून परतणारें एक कोद्रों जातीचें विमान इंजिन बिघडल्यानें वाळवंटांत उतरलें, आणि त्यांतील मर्झ व बर्न हे दोघे मारले गेले. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत फ्रान्समध्यें कोद्रों बंधूंनीं दोन इंजिनांचें दुपंखी विमान उडवून पाहिलें होतें, व पुढें तें टेहळणीच्या कामीं आलेंही. तथापि दुसरें इंजिन म्हणजे हमखास तारण, असेंही आम्ही म्हणत नाहीं. त्यानें वजन व दुरुस्ती दोन्ही वाढतात. आणि जी वाळू एका इंजिनास बाधते, ती दुसऱ्यास सोडीत नाहीं.

टेसिफोनला फौजेचीं सुमारें साडेचार हजार माणसें मृत वा जखमी झालीं. पुढें कुतचा वेढा पडला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तिन्ही मराठा पलटणींच्या उरल्यासुरल्या शिपायांस शत्रूच्या स्वाधीन व्हावें लागलें. कित्येक कैदेंतच निवर्तले. या शिपायांच्या दृष्टीनें पाहतां मोहिमेचा निकाल ‘विमान पडलें’ एवढ्या एका वाक्यांत गुंडाळणें आम्हांस मान्य नाहीं. बातमीची दुसरी प्रत आणण्याची तजवीज नसतां, आणि हातीं आलेल्या एकाच अनुकूल वृत्तांतावर भिस्त ठेवून, त्यांस पुढें धाडण्यांत आलें. एकाच कागदावर विसंबून निर्णय देऊं नये, हा संशोधकाचा नियम सेनापतीसही लागू आहे.