तो भूप नव्हता

काही वर्षांपूर्वी एका अनुवादाच्या प्रस्तावनेत मी एक वाक्य लिहिले होते. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना पुण्यातल्या एका सभागृहात मी किशोरी आमोणकरांचा भूप ऐकला आणि शब्दांशिवायही अर्थ असू शकतो हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले, असे ते वाक्य. पुस्तक छापून आले. दोन परीक्षणांत ते वाक्य उद्धृतही झाले. यंदा दुसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले, आणि त्याच सुमारास कोलकात्याच्या एका संग्राहक मित्राने मला त्याच मैफलीचे खासगी ध्वनिमुद्रण पाठवले. सुरुवातीच्या निवेदनातली तारीख माझ्या वहीत जपलेल्या तिकिटाशी जुळते. सभागृह तेच आहे. पण त्यात भूप कुठेही नाही. त्या शुद्ध कल्याण गात आहेत.

भूपात पाचच स्वर असतात: सा, रे, ग, प, ध. शुद्ध कल्याण चढतो तो याच पाच स्वरांनी. उतरताना मात्र वरच्या षड्जावरून धैवताकडे येताना निषाद, आणि पंचमावरून गंधाराकडे येताना तीव्र मध्यम, असे दोन स्वर मींडेत ओझरते लागतात. काही गायक ते ठळक दाखवतात, काही नुसते सुचवतात. माझी चूक तशी पहिल्या पायरीवरची आहे, आणि राग ओळखता न येणे हा गुन्हाही नव्हे. पण मी राग ओळखलाच नाही असे झाले नव्हते. मी तो चुकीचा ओळखला, वीस वर्षे तसाच जपला, आणि शेवटी साक्ष म्हणून छापला.

चूक कशी झाली हे शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या वडोदऱ्याच्या घरी किशोरीताईंची एक एल.पी. होती. तिच्या एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. 'सहेला रे' ही भूपातली बंदिश तिच्यावरच आहे. बाबा रविवारी सकाळी ती लावत आणि भूप संध्याकाळचा राग आहे याची आम्हा कोणालाच फिकीर नसे. म्हणजे त्या सभागृहात मी पोचले तेव्हा माझे कान आधीच भरलेले होते. समोर साक्षात गाणे चालले होते आणि मी त्यावर घरची तबकडी वाजवत बसले होते. चढणाऱ्या ओळी तबकडीशी जुळत होत्या, म्हणून मी त्या घेतल्या. उतरणाऱ्या जुळत नव्हत्या, म्हणून त्या ऐकल्याच नाहीत.

हे सगळे सांगण्याचे कारण केवळ कबुलीजबाब देणे नाही. ऐकलेल्या मैफलींच्या आठवणी हा मराठीतला एक भरघोस लेखनप्रकार आहे आणि मी त्याची कायमची वाचक आहे. गोविंदराव टेंब्यांचा 'माझा संगीत व्यासंग' किंवा पु. ल. देशपांड्यांनी केसरबाई केरकरांवर लिहिलेले पान वाचल्यावर त्या मैफलींना आपणही हजर होतो असा भास होतो, इतकी या परंपरेत ताकद आहे. पण तिच्या छायेत जे मध्यम प्रतीचे लेखन वाढले, दिवाळी अंकांत आणि गौरवग्रंथांत दर वर्षी येणारे, त्यात एक खोड मुरली आहे. माझे वाक्य त्याच कुळातले होते. 'मी ऐकले' हे तिथे पदक म्हणून छातीवर लावले जाते. वाचक पडताळून पाहू शकत नाही, गायक हयात नसतो, आणि सांगणाऱ्याचे वय हाच पुरावा ठरतो.

या लेखनातले एक ठरलेले वाक्य घ्या: 'काळाचे भान हरपले.' बडा ख्याल गाताना-ऐकताना असे होत असेल तर काहीतरी चुकते आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा विलंबित लयीत सरकत असतात आणि जाणता श्रोता बाराव्या-तेराव्या मात्रेपासून समेची वाट पाहत असतो. वामनराव देशपांड्यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मांडणीच स्वर आणि लय या दोन टोकांमधल्या अंतरावर केली. किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला आणि जयपूर या दोहोंचा तोल सांभाळणारे, असा त्यांचा विचार होता. स्वतः किशोरीताईंच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या माणसाचा हा विचार आहे. पुढे किशोरीताईंनी जयपूरची लय सैल केली, आलापाला अधिक अवकाश दिला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. त्या वादाला अर्थ आहे तो श्रोत्यांना काळाचे भान होते म्हणूनच. भान हरपलेल्यांना लय बदलल्याचे कळले कसे असते?

इतर भाषांत या बाबतीत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. बंगालीत कुमारप्रसाद मुखर्जींनी 'कुदरत रंगिबिरंगी'मध्ये उस्तादांचे किस्से गप्पांच्या ओघात सांगितले. त्यांच्याकडे भक्तीइतकाच खट्याळपणा आहे. शीला धर यांनी इंग्रजीत दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या घराचे जे चित्र काढले, त्यात गाणारे आहेतच, पण ऐकणारेही पुरते सापडतात: मिरवणारे, कंटाळणारे, चुकीच्या जागी मान डोलावणारे. नमिता देवीदयाळ यांच्या 'द म्युझिक रूम'मध्ये (२००७) मैफलीपेक्षा धोंडूताई कुलकर्णींची तालमीची खोली मोठी आहे. हिंदीत मृणाल पांडे यांची 'सहेला रे' ही कादंबरी पत्रांतून आणि ई-मेलमधून जुन्या गायिकांचा माग काढते. तिथे आठवणी एकमेकींना छेदतात आणि कोणती खरी हा प्रश्न मोकळा राहतो. मराठी लेखनाकडे या सर्वांपेक्षा अधिक तपशील आहे, रागाचे ज्ञानही बहुधा अधिक आहे. कमी आहे तो चुकणारा श्रोता.

आणि तरीही या अनुभवासाठी लागणारे व्याकरण मराठीकडे आयते आहे. अनुवादक म्हणून मी तिथे दर वेळी अडखळते. आपण म्हणतो, 'सूर लागला', 'आवाज लागला नाही', 'मैफल रंगली'. या वाक्यांत गाणारा कर्ता नाही. सूर स्वतः लागतो, मैफल स्वतः रंगते. इंग्रजीत नेताना कुणीतरी सूर लावावा लागतो, कुणीतरी मैफल रंगवावी लागते, नाहीतर वाक्यच उभे राहत नाही. 'घरंदाज गायकी'च्या इंग्रजी अनुवादाचे नाव 'इंडियन म्युझिकल ट्रॅडिशन्स' झाले. त्यात घराणे गेले आणि घरंदाजपणाही गेला. 'लागणे'चे नुकसान त्याहून मोठे आहे, कारण तिथे एक शब्दच जात नाही, प्रत्यक्ष ऐकण्याबद्दलचा एक विचार जातो.

तो विचार मला रमणबागेत समजला. भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला महोत्सव अनेक वर्षे त्या शाळेच्या मैदानावर होत असे. डिसेंबरची थंडी, सतरंज्या, मफलर, थर्मासमधला चहा, आणि शेवटच्या रात्रीनंतरच्या सकाळी खुद्द भीमसेन. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी डोळे मिटून षड्ज लावायला घेतला. तो एकदा आला, पुन्हा आला, आणि मैदानभर माणसे, रात्रभर जागलेली, बोलायची थांबली. कोणत्या क्षणी तो लागला हे कोणी कोणाला सांगितले नाही. माझ्या पुढच्या बाईंनी शाल खाली ठेवली, एवढे आठवते. त्या दिवशी राग कोणता होता हे मी इथे लिहिणार नाही. आता मला तशी खात्री देता येत नाही.

तसली सकाळ आता सहसा वाट्याला येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई केली. पुढच्या दुरुस्तीने वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत दिली. शेजारच्यांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे. पण मध्यरात्रीनंतरचे राग त्यामुळे मैदानातून उठले आणि ध्वनिमुद्रणात राहायला गेले, हेही खरे. म्हणजे पुढच्या पिढीचे कान माझ्यापेक्षा अधिक भरलेले असतील. ते दरबारी प्रत्यक्ष ऐकायला जातील तेव्हा आधी पन्नास दरबारी ऐकून गेलेले असतील. माझी चूक मग अपवाद राहणार नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल तक्रार करायला मात्र मला जागा नाही. त्यानेच मला पकडले. गाणे काय झाले याचा पुरावा तेच देऊ शकते आणि समीक्षेने तो पुरावा मानला पाहिजे. ते सांगू शकत नाही ते दुसरेच: ते गाणे कोणावर कसे पडले, कोणाच्या कानात आधीच काय होते, कोण कोणाशेजारी बसले होते. आठवणीने लिहायचे ते हे. राग, ताल, तारीख यांचे अधिकार तिने सोडून द्यावेत.

शेजारी कोण बसले होते याचाही या चुकीशी संबंध आहे. त्या संध्याकाळी मी बाबांबरोबर गेले होते. ते खास वडोदऱ्याहून आले होते. गाणे सुरू झाल्यावर थोड्या वेळाने मी त्यांच्या कानाशी लागून म्हटले, "बाबा, आपला भूप!" ते काही बोलले नाहीत. किशोरीताईंसमोर कुजबुजण्याची कोणाची छाती नव्हती, शांततेबाबत त्या किती कडक असत हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहून मान हलवली, डावीकडून उजवीकडे, दोनदा. ती दाद आहे असे मी धरून चालले. आपल्याकडे दाद तशीच देतात.

बाबा जाऊन सहा वर्षे झाली. ध्वनिमुद्रण मी आता बरेचदा ऐकले आहे. अठराव्या मिनिटाच्या आसपास वरच्या षड्जावरून धैवताकडे एक मींड येते आणि तिच्यात निषाद इतका स्पष्ट आहे की तो ऐकू न येण्यासाठी हट्टच लागतो. बाबांनी मान हलवली ती तिथेच, असे मला वाटू लागले आहे. ते दाद देत नव्हते, 'नाही' म्हणत होते. पण या 'वाटू लागले आहे'वर मी विश्वास ठेवत नाही. ध्वनिमुद्रण ऐकल्यानंतर तयार झालेली ती आठवण आहे, आणि अशी सोयीची आठवण एकदा छापून झाली आहे.

दुसऱ्या आवृत्तीसाठी ते वाक्य काढून टाकावे असे संपादकांनी सुचवले. मी ते काढलेले नाही, दुरुस्त केले आहे. आता ते असे आहे: 'एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना पुण्यातल्या एका सभागृहात मी किशोरी आमोणकरांचा शुद्ध कल्याण भूप समजून ऐकला. शेजारी माझे वडील होते. त्यांना बहुधा कळले होते.'