आवाजाचे सोवळे

जुन्या तबकड्या जमवणारा धनिक रसिक ‘शुद्ध’ आवाजाची भाषा बोलतो. खरखर म्हणजे विटाळ! लाखालाखांचे टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर मांडून तो हा विटाळ घालवतो. पण त्याच्या ७८ आर. पी. एम.च्या तबकड्या लाखेच्या. ही लाख मुख्यतः छोटा नागपूरकडची. आदिवासींनी झाडांच्या फांद्यांवरून खरवडून काढलेली. तबकडीवर कंपनीचे नाव असते, गायकाचे असते. या हातांचे कुठेच नसते.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. कोणाला मुद्रित करायचे ते कंपनीने बाजार पाहून ठरवले आणि संग्राहकांनी तीच निवड संगीताचा इतिहास मानली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) वस्त्यावस्त्यांतून गात राहिले. त्यांची गाणी समाजाने कंठात जपली. पुढे १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने भीमगीते घराघरांत नेली. संग्राहकाच्या लेखी मात्र कॅसेट हा हलका माल!

आज त्या फिती दमटपणाने खराब होत आहेत. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी त्या खरखरीसकट उतरवून घ्याव्यात आणि गायकाबरोबर कवीचे, ढोलकीवाल्याचे, कोरसचेही नाव नोंदवावे. हे काम दुसरे कोणी करणार नाही.