पितळी चकत्या

गेल्या महिन्यात भाची दोन दिवसांसाठी एक कॅमेरा भाड्याने घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "आत्या, अण्णाआजोबांचा कॅमेरा काढ की जरा, शेजारी ठेवून बघूया." कपाटातून अण्णांचा निकॉन एफएम-टू काढला, कातडी केस उघडली आणि दोन्ही पलंगावर ठेवले. चार पावलांवरून मला फरक सांगता आला नाही. तोच काळा अंग, तेच कातड्यासारखं आवरण, तशाच चकत्या, समोर नावाची अक्षरंसुद्धा जुन्या वळणाची. एक १९८२ साली बाजारात आलेलं मॉडेल आणि दुसरा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालेला निकॉन झेडएफ. मध्ये चाळीस वर्षं.

भाची बाळांचे, बारशांचे, डोहाळजेवणांचे फोटो काढते. हा कॅमेरा बाजारात आला तेव्हा नुसत्या बॉडीला पावणेदोन लाखांच्या वर पडत, लेन्स वेगळी. ही रक्कम तिने स्वतः साठवलेली आहे, आणि घरात सगळ्यांचं म्हणणं एकच : त्यापेक्षा सोनं घे. म्हणून ती विचारायला माझ्याकडे आली. मला कॅमेऱ्यातलं थोडं कळतं, ते कसं कळतं ते पुढे सांगते.

आधी कॅमेऱ्याच्या बाजूने बोलते, कारण नुसतं रूप जुनं आणि आत काही नाही असला हा प्रकार नाही. आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस. काचेतून येणारा प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि आपण डोळा लावतो ते दृश्य एका छोट्या पडद्यावरचं असतं. साडेचोवीस मेगापिक्सेलचा पूर्ण आकाराचा सेन्सर आहे. आतला प्रोसेसर याच कंपनीच्या सर्वांत महागड्या कॅमेऱ्यांत असतो त्याच पिढीचा, त्यामुळे पळणाऱ्या पोराचा डोळा तो पकडून ठेवतो. हात हलला तरी सेन्सर सावरून घेतो.

याची परीक्षा आम्ही किल्ल्यातल्या कमल बसदीत घेतली. १२०४ सालची, रट्टांच्या काळातली ही वास्तू आमच्या गावातल्या कुणाही फोटोग्राफरला रडवते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब आणि मधोमध छताला लोंबणारं ते दगडी कमळ. पुजाऱ्यांना विचारून भाचीने कमळाखाली उभं राहून, तिवई न लावता, पाव सेकंदाला फोटो घेतले. एकन् एक पाकळी स्पष्ट आली. अण्णांना हेच कमळ टिपायला तिवई, केबल आणि बसदीत कुणी नसण्याची वेळ, तिन्ही जुळवावं लागे.

मग तिने वरची एक छोटी खिट्टी सरकवली आणि पडद्यावरचं सगळं कृष्णधवल झालं. फोटो काढल्यावर रंग पुसायचे असं नाही, बघतानाच रंग नाहीत. तिथे मी गप्प झाले. रंग गेल्यावर दगडावर उजेड कुठे थांबतो ते दिसायला लागतं. या कॅमेऱ्यात जुन्या काळाकडून मनापासून घेतलेलं काही असेल तर ती ही खिट्टी, आणि गंमत म्हणजे जुन्या कॅमेऱ्यावर ती नव्हतीच. तिथे रोल कुठला भरला त्यावर सगळं ठरायचं.

आता चकत्या. त्या खऱ्या पितळेच्या आहेत, फिरवल्या की हाताला कट्‌ कट्‌ जाणवतात. ज्या स्टुडिओतून कॅमेरा आणला तिथे चार फोटोग्राफर जमले होते. त्यातल्या एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी डोळे मिटून शटरची चकती फिरवली आणि "अहाहा" म्हणाले. फोटो मात्र काढला नाही.

एफएम-टूवर चकती म्हणजेच यंत्र होतं. शटर यांत्रिक, सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत. सेल संपला तर फक्त उजेड मोजणारे दिवे बंद पडत, फोटो निघतच राहत. ॲपर्चर लेन्सच्या कड्यावर कोरलेलं. कॅमेरा पिशवीत असतानाही त्याच्या मनात काय आहे ते वरून वाचता येई. झेडएफवर तसं नाही. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या चाळीस मिलिमीटरच्या लेन्सच्या कड्याला कंगोरे तेवढे जुन्यासारखे, आकडे नाहीत. ॲपर्चर बोटाखालच्या साध्या चाकाने बदलायचं आणि एका चिमुकल्या खिडकीत वाचायचं. ॲपर्चर आपण धरून शटर कॅमेऱ्यावर सोपवलं (भाची बहुतेक तसंच काम करते), तर शटरची चकती फिरवली काय न फिरवली काय! ती एक हजारावर असेल आणि कॅमेरा साठावर फोटो काढत असेल. म्हणजे तीन चकत्यांपैकी एक बराच वेळ खोटं बोलते. हे मला खटकलं. शोभेची वस्तू असायला हरकत नाही, पण आकडे लिहिलेली वस्तू शोभेची नसावी.

हाताचंही बोलायला हवं. सेल आणि कार्ड धरून सातशे दहा ग्रॅम. अण्णांचा याहून पावणेदोनशे ग्रॅमने हलका. आणि समोर बोटं रुतवायला उंचवटा जवळजवळ नाहीच, कारण जुन्यालाही नव्हता. छोट्या लेन्सला चालतं. मोठी झूम लावली की सगळा भार मनगटावर. दुसऱ्या दिवशी एका बारशाचं काम करून आली तर अंगठ्याच्या मुळाशी चोळत बसली होती. वर दुसरं कार्ड मायक्रो एसडी, नखाएवढं, सेलच्याच झाकणाखाली. पाळणा हलतोय, बायका नाव घेतायत आणि ही कार्ड शोधतेय. बाहेरून जोडायचा उंचवटा विकत मिळतो, पण तो लावला की जुनं रूप गेलं. मग पैसे कशाचे दिले?

स्टुडिओतले चौघेही म्हणत होते, हा कॅमेरा हातात घेतला की जुने दिवस आठवतात. मी ऐकत होते. अण्णांचा कॅमेरा आमच्या घरी पंधरा-वीस वर्षं होता. १९९३ च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला आम्ही सगळे गेलो तेव्हा रोल मी सांभाळले, घामाने भिजू नयेत म्हणून रुमालात गुंडाळून. कुठल्या उजेडाला शटर किती, हे अण्णा भावाला शिकवत, मी शेजारी बसून ऐकत असे. तेवढंच माझं शिक्षण. "रोल महाग आहे गं" म्हणून माझ्या हातात कॅमेरा आलाच नाही. भावाने दोन रोल वाया घालवले, ते मात्र शिकणं ठरलं. अण्णा वाईट नव्हते. छत्तीस फोटो म्हणजे तेव्हा छत्तीसच. पण ज्या चकत्यांच्या आठवणीसाठी लोक आज पैसे मोजतात, ती आठवण माझ्या बोटांत नाही. त्या रोलमधल्या कुठल्याच फोटोत आईने किंवा मी टिपलेलं काही नाही.

भाचीला हे सांगितलं. ती हसली नाही. तिला जुने दिवस नकोच होते. बसदीतला तो कृष्णधवल उजेड तिला हवा होता आणि पळणाऱ्या पोरांचे डोळे. "हेच आतलं सामान, बाहेरून धरायला नीट, असा नाही मिळत?" असं तिने विचारलं. पुढच्या वर्षी आलेला एक आहे, पण आणखी महाग. याआधीचा धरायला चांगला, पण पोरांच्या मागे धावताना चुकतो.

कॅमेरा तिने वेळेवर परत केला. माझं मत तिला दिलंय : लहान लेन्सवरच काम करणार असशील तर घे, लग्नं धरणार असशील तर थांब, आणि सोन्याचं कुणी बोललं तर माझ्याकडे पाठव. ती डिसेंबरपर्यंत विचार करणार आहे. तोवर अण्णांचा एफएम-टू नेलाय. तीन रोलही घेतलेत, ते आता तेव्हापेक्षा महाग आहेत. पहिला रोल पूर्ण काळा आला म्हणून काल फोन होता. दुसरा भरून बघ म्हटलं.