विद्यासंगमाचें शिक्षण व इतिहासाचें स्थान

समाजांतील व निसर्गांतील स्थित्यंतरांचा एकत्र अभ्यास करणारे संशोधक तयार करावयाचे, आणि त्यासाठीं आचार्य-पदवीच्या विद्यार्थ्यांस एकाच शास्त्राच्या कुंपणाबाहेर न्यावयाचें, हा विचार हल्लीं नवा म्हणून मांडला जातो. मुंबईपुरतें बोलावयाचें तर तो शंभर वर्षांहून जुना आहे.

मुंबई विद्यापीठानें १९१९ सालीं समाजशास्त्राची शाखा उघडली, तिचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडीस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. स्थळ, व्यवसाय व लोक हीं तीन एकमेकांपासून तोडून पाहूं नयेत, हें त्यांचें मुख्य प्रतिपादन. १९२४ मध्यें शाखेची धुरा डॉ. गो. स. घुर्ये यांजकडे आली. घुर्ये संस्कृतज्ञ, केंब्रिजला रिव्हर्स व हॅडन यांजपाशीं शिकलेले. इरावती कर्वे, श्रीनिवास यांसारखे शिष्य त्यांनीं घडविले. पण गेडीस यांची माती, पाणी व झाडें मागें पडलीं. दोष एकट्या घुर्ये यांचा नव्हे. गेडीस यांनीं दृष्टि दिली, परीक्षेस उतरेल अशी शिस्त मात्र दिली नाहीं, असें आमचें मत आहे.

तुटलेला धागा पुढें जीवशास्त्रज्ञ माधव गाडगीळ व मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनीं उचलला. महाराष्ट्रांतील भटक्या जमातींविषयीं त्यांनीं दाखविलें कीं, फासेपारधी फांसे लावून हरणें धरीत, तिरुमल नंदीवाले कुत्र्यांच्या साह्यानें डुकरें व साळिंदर मारीत, वैदूंची शिकार आणखी निराळी. एका जातीच्या वाट्यास दुसरी जात नसल्यामुळें स्पर्धा कमी झाली व जपणुकीस कारण मिळालें, असें त्यांच्या १९८३ च्या निबंधाचें तात्पर्य. इतकें बारीक निरीक्षण आम्हां दफ्तरें चाळणाऱ्यांस कधीं सुचलें नव्हतें, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे.

तथापि एक शंका राहते. ही वांटणी केली कोणीं, व केव्हां? वांटून घेणें आणि वांटून दिलें जाणें यांत अंतर आहे. पेशवे दफ्तरांत राखीव कुरणांचे व वेठीचे कागद आहेत. तेथें गवत, लांकूड व मनुष्याचे श्रम हे अधिकाराच्या जोरावर वांटले जातांना दिसतात. शिवाय ज्या फासेपारध्यांची शिकार आपण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाहतों, त्यांच्यावर मध्यंतरीं १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांचा शिक्का बसलेला होता. ती शिकार प्राचीन वांटणीचा अवशेष, कीं इतर वाटा बंद झाल्यावर उरलेली एकच वाट? १९९२ सालच्या ‘धिस फिशर्ड लँड’ या ग्रंथांत रामचंद्र गुहा यांची जोड मिळाल्यावर इंग्रजी अमदानींतील जंगलकायद्यांचा भाग भक्कम झाला. त्याआधींच्या काळाचें चित्र मात्र बव्हंशीं तारखेवांचूनच राहिलें. जातिव्यवस्थेचें विषम रूप केवळ ‘व्यवस्था’ म्हणून वाचकाच्या मनांत ठसण्याचा धोका येथेंच आहे, आणि तो लहान नाहीं.

आमच्या नायगांवाचेंच उदाहरण घ्यावें. मुंबई सरकारच्या विकास खात्यानें गेडीस येथें शिकवीत होते त्याच सुमारास ज्या चाळी बांधावयास घेतल्या, त्यांपैकीं ४२ नायगांवांत. एका खोलीचें क्षेत्र सुमारें १६० चौरस फूट. आज त्या पाडून तेथें उंच इमारती उठत आहेत. त्यांजवर प्रबंध लिहिणाऱ्यास खोल्यांचे नकाशे व भाड्याचे कागद वाचतां आले पाहिजेत; सामाईक मोऱ्यांचें पाणी कोठें जाई, जवळच्या गिरण्यांचा धूर कोणत्या वाऱ्यानें येई, शिवडीची खाडी किती बुजली, हेंही विचारतां आलें पाहिजे. सर्व शास्त्रें एकट्यास येणार नाहींत, व तशी अपेक्षाही वेडेपणाची. परंतु प्रबंधाची रूपरेषा मान्य करणाऱ्या मंडळींत पहिल्याच वर्षीं एक इतिहासकार बसवावा, व प्रत्येक विधानास ‘हें केव्हांचें?’ असें विचारण्याचा अधिकार त्यास असावा. आज त्यास बोलावितात तें बहुधा प्रबंध बांधून तयार झाल्यावर, प्रस्तावनेंतील सनावळी तपासण्यापुरतें.