गिऱ्हाईक गुंतलं, की अडकलं?

वेबसाइट बांधून देणाऱ्या एजन्सीचा प्रस्ताव उघडा, पहिल्या पानावर ‘एंगेजमेंट’ हा शब्द भेटणारच. मराठीत त्याला ‘गुंतवून ठेवणं’ म्हणतात आणि तिथेच चोरी पकडली जाते. आपल्याकडे पाय मांजात गुंततो, पैसा बुडीत धंद्यात गुंतून पडतो. गिऱ्हाइकाचं असं काही व्हावं, ही इच्छा कोणता दुकानदार उघडपणे बोलून दाखवेल? वेबसाइटवर मात्र ती सर्रास राबवली जाते. पान उघडताच पडदाभर व्हिडिओ येतो, त्यात काचेची इमारत आणि हस्तांदोलन. व्यवसाय फर्निचरचा आहे की फिजिओथेरपीचा, हे त्यातून कळत नाही. तेवढ्यात पॉपअप ईमेल मागतो, कोपऱ्यातला चॅटबॉट ‘मी मदत करू का?’ म्हणत नेमका मजकुरावर बसतो. दुकान रविवारी उघडं असतं का, एवढंच ज्याला हवं होतं तो अजून खाली स्क्रोल करतोय. सरकत्या बॅनरचंही तेच. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या मुखपृष्ठावरचे आकडे 2013 सालीच जाहीर झाले होते: शंभरातला जेमतेम एक जण बॅनरवर क्लिक करत होता आणि त्यांतले बहुतेक पहिल्याच चित्रावर. तरी बॅनर सरकतातच आहेत.

या हट्टाचं मूळ सौंदर्यदृष्टीत नाही, मोजमापात आहे. 1 जुलै 2023 पासून गूगलने भेटी मोजणारं जुनं अ‍ॅनालिटिक्स बंद करायला घेतलं आणि वापरणाऱ्यांना नव्या आवृत्तीवर आणलं. तिथे भेट दहा सेकंदांहून जास्त चालली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा आधी ठरवून दिलेली एखादी कृती घडली, तर ती ‘एंगेज्ड’. आता दोन गिऱ्हाइकं घ्या. एकाला पान उघडताच वेळ आणि पत्ता दिसला, आठव्या सेकंदाला तो फोन खिशात टाकून दुकानाच्या वाटेला लागला. दुसरा तोच पत्ता शोधत चार पानं फिरला आणि वैतागून गेला. अहवालात पहिला ‘बाउन्स’, दुसरा ‘एंगेज्ड’. फोनच्या बटणावरचा टॅप मोजता येतो, असं एजन्सीवाले म्हणतील. येतो, पण डोळ्यांनी वाचलेला पत्ता कसा मोजणार? जे मोजता येत नाही ते महिन्याच्या अहवालात येत नाही आणि अहवालात नसलेल्या गोष्टीसाठी क्लायंट पैसे मोजत नाही. सगळं घोडं इथे पेंड खातं.

या सगळ्यावरचा उतारा पाहायचा तर मॅकमास्टर-कारची वेबसाइट पाहावी. 1901 साली सुरू झालेली ही अमेरिकन कंपनी नट-बोल्ट, पाइप, स्प्रिंगा विकते. माल सात लाखांहून अधिक प्रकारचा. पानावर हसरे चेहरे नाहीत, ब्रीदवाक्य नाही. डावीकडे गाळण्या: आटे कोणते, लांबी किती, धातू कोणता. उजवीकडे प्रत्येक प्रकाराचं रेखाचित्र आणि किंमत. माउस एखाद्या दुव्यावर नुसता रेंगाळला तरी पुढचं पान आधीच मागवून ठेवलं जातं, त्यामुळे क्लिक करताच ते समोर असतं. बोल्टाचं डोकं षटकोनी हवं की चपटं, हे ज्याला नावावरून कळत नाही तो चित्रावरून ओळखतो. डिझाइन दिसू नये म्हणून इतकी मेहनत घेतलेली जागा क्वचित सापडते. याउलट पुरस्कारांसाठी सजवलेल्या अ‍ॅनिमेशनच्या वेबसाइट म्हणजे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, आतला अंक कोरा. टेम्पलेटमधून निघणाऱ्या जांभळ्या छटांच्या एआय-साइटबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

आक्षेप ठरलेला आहे: बोल्ट विकणाऱ्याचं ठीक, पैठणी किंवा पर्यटन विकणाऱ्याने भावना जागवायला नको का? जरूर जागवाव्यात. पण पैठणीची भावना पदरावरच्या मोराच्या जवळून काढलेल्या, नीट मोठ्या करता येणाऱ्या छायाचित्रात असते. ‘फक्त दोन शिल्लक’ म्हणत उलट्या धावणाऱ्या घड्याळात नसते. आणि हे आता केवळ अभिरुचीचं भांडण राहिलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये तेरा ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या रचना, नावानिशी नोंदवून मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई त्यात आहे, नकार देणाऱ्याला लाजवणं आहे, आणि सारखं मागे लागणंही आहे. प्रस्तावात ज्याला ‘एंगेजमेंट’ म्हणतात त्यातला बराचसा ऐवज या यादीच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे.

वेबसाइटवरच्या मराठीच्या बाबतीत तर माफीला जागाच नाही. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात ‘पूर्ण करा’ बसवलं की ‘र्ण’वरचा रफार वर कापला जातो, ‘पू’चा ऊकार खाली. शीर्षकाला ऐट यावी म्हणून अक्षरांत अंतर सोडलं की शिरोरेषा तुटते आणि ‘आमच्या सेवा’ पडक्या कुंपणासारखं दिसतं. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली, तर तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. ही एका ओळीची तसदी. फॉन्टची सबब चालणार नाही. र. कृ. जोशींचा ‘मंगल’ विंडोजमध्ये केव्हाच आला, मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ फुकट मिळतो. गिऱ्हाईक इंग्रजी वाचतंच, असं उत्तर येतं. मग पाटीचं काय? 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या लहान दुकानांनाही नाव देवनागरीत लावणं बंधनकारक झालं आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. ती पाटी वाचून कुणी त्याच दुकानाच्या वेबसाइटवर जातो, ‘संपर्क’ दाबतो आणि इंग्रजी फॉर्म उघडतो. त्यात दुकानाचा फोन नंबर नसतो, गिऱ्हाइकाचाच मागितलेला असतो.